ज्ञानोदयाचा राज्यविचार आणि कृष्णाकाठ

राजा कोणाच्या अधिकाराने राज्य करतो, या प्रश्नाला युरोपात कैक शतके एकच उत्तर दिले जात होते : देवाच्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस या उत्तराला जाहीरपणे हादरे बसू लागले. १६८९ मध्ये इंग्लंडच्या जॉन लॉकने मांडले की, माणसे निसर्गतः स्वतंत्र आणि समान असतात. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून ती परस्परसंमतीने शासन उभे करतात आणि शासनाने विश्वासघात केला तर ते बदलण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहतो. फ्रान्समध्ये माँतेस्क्यूने १७४८ मध्ये बजावले की, कायदे करणे, ते राबवणे आणि न्याय देणे ही तिन्ही कामे एका हाती गेली की प्रजेचे स्वातंत्र्य संपते. १७६२ मध्ये रूसोने सार्वभौम सत्ता जनतेची ठरवली. दोन वर्षांनी इटलीत चेझारे बेकारियाने शारीरिक छळ आणि देहदंड यांच्याविरुद्ध लिहिले. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात आणि कायद्याने ठरलेली असावी, असा त्याचा आग्रह होता. जर्मनीत इमान्युएल कान्टने १७८४ मध्ये स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे धैर्य हेच या युगाचे लक्षण सांगितले. टॉमस पेनने १७९१-९२ मध्ये हाच विचार कारागिरांना आणि कामकऱ्यांना समजेल अशा इंग्रजीत लिहून घराघरांत नेला. हा सारा वैचारिक प्रवाह ज्ञानोदय या नावाने ओळखला जातो.

पुढच्या दीडशे वर्षांत हे विचार कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पोहोचले, तिथे त्यांच्यावर वाद झाले आणि अखेरीस गावपातळीवर त्यांचे प्रयोगही झाले. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या इतिहासात वेगळे काढता येत नाहीत. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे सांगलीचे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. औंध, सांगली, मिरज, जत ही संस्थाने त्यांना लागून किंवा त्यांच्यामध्ये विखुरलेली होती. युरोपातील विचारवंतांचा पहिला सामना राजा आणि धर्मपीठ यांच्याशी होता. कृष्णाकाठी आधी गावातली जन्मसिद्ध विषमता समोर उभी राहिली. समाजात समता नसेल तर लोकांचे राज्य टिकणार नाही, ही जाणीव या भागाच्या राजकीय विचाराचा कणा ठरली.

साताऱ्याचा तह आणि लंडनमधील फिर्याद

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. पुढे वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, कटाचा आरोप ठेवून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना पदच्युत केले आणि काशीला पाठवले. तिथेच १८४७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी आलेले भाऊ शहाजी तथा अप्पासाहेब १८४८ मध्ये वारल्यावर दत्तक वारस नामंजूर करून गव्हर्नर-जनरल डलहौसीने संस्थान खालसा केले.

प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. तह हा दोन पक्षांमधला करार आहे, तो एका पक्षाला मनमानीने मोडता येत नाही आणि आरोपीला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय शिक्षा करता येत नाही, हा त्यांच्या फिर्यादीचा गाभा होता. गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ते जॉर्ज थॉम्प्सन आणि पार्लमेंटातील सुधारणावादी सभासद जोसेफ ह्यूम यांनी त्यांना साथ दिली. इंग्रजांच्याच कायद्याच्या आणि न्यायाच्या तत्त्वांवर इंग्रज सत्तेला जाब विचारणाऱ्या पहिल्या मराठी माणसांत रंगो बापूजींची गणना करावी लागते. फिर्याद फेटाळली गेली. १८५७ च्या उठावात साताऱ्याच्या कटातील सतरा जणांना गेंडामाळावर मृत्युदंड देण्यात आला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

याच काळात कंपनीच्या लंडनमधील कचेरीत जॉन स्टुअर्ट मिल नोकरीला होता. १८२३ मध्ये तो तिथे रुजू झाला आणि १८३६ पासून हिंदुस्थानातील संस्थानांविषयीचा पत्रव्यवहार त्याच्याकडे होता. ज्ञानोदयाचा वारसा एकोणिसाव्या शतकात पुढे नेणारा हा सर्वांत प्रभावी इंग्रज तत्त्वज्ञ. स्वातंत्र्यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध १८५९ मध्ये निघाला, पण आपण मांडलेले तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू होत नाही, असे त्याने त्याच निबंधाच्या सुरुवातीला लिहून ठेवले. बहुतेक मराठी राज्ये अलीकडच्या लष्करी विजयांतून उभी राहिली असल्याने वारस नसताना ती खालसा करण्यात गैर नाही, असेही त्याचे मत होते. हिंदुस्थानी माणसाला स्वातंत्र्याच्या कक्षेबाहेर ठेवणारा हा ग्रंथकार पुढे पुण्याच्या महाविद्यालयांतील मराठी तरुणांनी मन लावून वाचला आणि त्याने घातलेली मर्यादा अमान्य करून त्याचे तत्त्व तेवढे स्वीकारले. अशा तरुणांपैकी एक कऱ्हाडजवळचा होता.

कटगुण, नायगाव आणि टेंभू

जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंचा जन्म १८३१ मध्ये खंडाळा तालुक्यातील नायगावात झाला. दोघांचे कार्यक्षेत्र पुणे असले तरी त्यांचा विचार साताऱ्याच्या शेतकरी समाजात सर्वाधिक खोल रुजला. १८४७ च्या सुमारास मिशनरी शाळेतले शिक्षण संपवताना जोतीरावांच्या वाचनात पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ आले. वंशपरंपरेने मिळणारा अधिकार बुद्धीला आणि न्यायाला धरून नाही, हे पेनने राजे आणि उमराव यांच्यासंबंधी लिहिले होते. जोतीरावांनी तोच निकष जातीला लावला. जन्माने राजा होणे अन्याय्य असेल तर जन्माने पुरोहित होणे आणि जन्माने अस्पृश्य ठरणे हेही तितकेच अन्याय्य ठरते. १८४८ मध्ये या दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना जोतीरावांनी ती अर्पण केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

फुल्यांचा राज्यविचार कर आणि शिक्षण यांच्या संबंधातून उभा राहतो. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सांगितले की, सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि त्यातला शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गोरा अधिकारी आणि त्याच्या हाताखालचा कारकून या दोघांनाही धारेवर धरले. शासन संमतीवर चालते, असे लॉक म्हणाला होता. ज्याला हिशेब वाचता येत नाही त्याच्या संमतीला काय अर्थ राहतो, हा फुल्यांचा सवाल त्या सिद्धांताच्या पुढचा आहे.

धर्माविषयीही त्यांचे पेनशी नाते आहे. पेनने चमत्कार आणि धर्मग्रंथांची सत्ता नाकारून एकच निर्माता मानला. फुल्यांनी त्याला निर्मिक म्हटले आणि निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क दिले आहेत, हे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या अखेरच्या ग्रंथात मांडले. त्यांनी लग्नासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ती मान्य करतो. सामाजिक कराराची कल्पना त्यांनी घराच्या उंबऱ्याआत आणली. रूसोने मुलींचे शिक्षण पुरुषाच्या सोयीपुरते मर्यादित ठेवले होते. या बाबतीत पुण्यातला हा शेतकरी-माळी विचारवंत त्याच्या कितीतरी पुढे होता.

गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गरीब कुटुंबात जन्मले. कऱ्हाडला सुरुवातीचे शिक्षण घेऊन मोठ्या कष्टाने ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत पोहोचले. तिथे मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांची विचारपद्धती घडवली. ‘केसरी’चे ते पहिले संपादक; कोल्हापूर संस्थानासंबंधीच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळकांबरोबर १८८२ मध्ये त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादात दोघांची फारकत झाली आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढले. रूढी केवळ जुनी आहे म्हणून तिला प्रामाण्य मिळत नाही, प्रत्येक आचाराला बुद्धीच्या कसोटीवर उतरावे लागते, हे त्यांचे सूत्र कान्टच्या आवाहनाशी जुळते. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. परके सरकार असले तरी दुर्बळाच्या रक्षणासाठी त्याने कायदा करणे योग्य आहे, ही त्यांची भूमिका होती. जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली. १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, ते वारले.

फुले आणि आगरकर यांच्या वाचकवर्गात मोठे अंतर होते. आगरकरांचे लेखन सुशिक्षित पांढरपेशा घरांशी, तिथल्या बालविवाहाशी, केशवपनाशी आणि स्त्रीशिक्षणाशी झुंजत होते. फुल्यांचा श्रोता शेताच्या बांधावर होता. पुढच्या काळात साताऱ्याच्या खेड्यांनी उचलला तो प्रामुख्याने फुल्यांचा मार्ग.

जलसे, शाळा आणि कुळांचा लढा

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला बनला. निरक्षर समाजात विचार पोहोचवण्याचे साधन होते सत्यशोधक जलसा. तमाशाचा ओळखीचा बाज घेऊन गण आणि संवाद यांतून पुरोहितशाही, सावकारी, कर्जबाजारी लग्ने आणि अज्ञान यांवर हल्ला होई. पेन आणि फुले यांचे नावही न ऐकलेला शेतकरी त्यांचा युक्तिवाद रात्रभर ऐकून सकाळी चावडीवर त्याची चर्चा करत असे. गावोगाव भटजींशिवाय लग्ने लागू लागली. १९१९ ते १९२१ या काळात जिल्ह्यातल्या अनेक गावांत कुळांनी ब्राह्मण जमीनदारांची शेते खंडाने कसण्यास नकार दिला. विधीचा अधिकार आणि जमिनीचा अधिकार एकाच सत्तेची दोन अंगे आहेत, हे या लढ्याने दाखवून दिले.

चळवळीचे सर्वांत टिकाऊ फळ शिक्षणात आले. भाऊराव पाटील यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. सत्यशोधक विचारांनी घडलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला भेट दिली. संमती देण्यासाठी नागरिक आधी साक्षर हवा, ही फुल्यांची अट भाऊरावांनी खेडोपाडी शाळा काढून पूर्ण करायला घेतली.

औंधची घटना

औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल भागात कारखान्यासाठी जागा देणारे संस्थानिक अशी त्यांची ओळख होती. संस्थान लहान, त्यात ७२ गावे, तीही औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशी तुकड्या-तुकड्यांत पसरलेली. १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हवाली करण्याचा निर्णय राजांनी जाहीर केला. विलायतेत शिकून आलेले राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली घटनेचा मसुदा केला. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली.

या घटनेत सत्तेची रचना तळापासून होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तिथून प्रतिनिधी संस्थानच्या सभेत जायचे. गावच्या महसुलाचा मोठा वाटा गावासाठीच खर्च व्हायचा आणि किरकोळ तंटे पंचायतीनेच सोडवायचे. रूसोला खरे लोकशासन लहान राज्यातच शक्य वाटे. आकाराने लहान आणि परस्परांना ओळखणाऱ्या गावांचे औंध त्या कल्पनेच्या जवळ जाणारे होते. माँतेस्क्यूची कसोटी लावली तर मात्र उणीव दिसते, कारण कारभार आणि न्याय एकाच पंचायतीकडे होते. ही अडचण पुढे साताऱ्यातल्या समांतर शासनात, म्हणजे प्रतिसरकारातही आली.

आटपाडीजवळ १९३९ मध्येच स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींशिवाय, कुटुंबासह राहून शेती करू देण्याची ती वसाहत होती. शिक्षेचा हेतू सूड नसावा, हा बेकारियाचा विचार भारतात इतक्या प्रत्यक्ष रूपात क्वचितच राबवला गेला. वसाहत आजही खुले कारागृह म्हणून सांगली जिल्ह्यात आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा याच प्रयोगातून आली; त्याचे कथाकार ग. दि. माडगूळकर औंध संस्थानातच वाढले होते. १९४८ मध्ये औंध विलीन झाले आणि घटनेचा प्रयोग नऊ वर्षांत संपला.

प्रतिसरकार

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी तालुका कचेऱ्यांवर मोर्चे नेले. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. वडूजचा मोर्चा नेणारे परशुराम घार्गे हुतात्म्यांत होते. त्यानंतर भूमिगतांनी वेगळा मार्ग घेतला आणि १९४३ मध्ये ब्रिटिश सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील हे त्याचे सर्वमान्य नेते. किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते. १९४६ पर्यंत सुमारे दीडशे गावांत त्याचा कारभार चालला. कुंडल औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश पोलिसांना तिथे सहज हात घालता येत नसे आणि कार्यकर्त्यांना आसरा मिळे.

प्रतिसरकारची पाळेमुळे सत्यशोधक चळवळीत होती. तलाठ्याची नोकरी १९३० मध्ये सोडणारे नाना पाटील आणि त्यांचे बरेच सहकारी जलशांच्या आणि बिनहुंड्याच्या लग्नांच्या वातावरणात वाढलेले होते. म्हणून कचेऱ्या, रेल्वे आणि खजिने यांवरचे छापे हा त्याच्या कामाचा एक भाग राहिला. दुसरा भाग होता गावाचे जीवन बदलण्याचा : कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’, दारूबंदी, सावकारांना आळा, वाचनालये, अस्पृश्यतेला विरोध. न्यायदान मंडळे गावातले तंटे ऐकत; वर्षानुवर्षे कोर्टात कुजलेली जमिनीची भांडणे चावडीवर मिटत. प्रतिसरकारचे स्वयंसेवक दल, तुफान सेना, निर्णय अमलात आणी. सरकारी कोर्टाकडे पाठ फिरवून लोक या मंडळांकडे जाऊ लागले, हीच लॉकच्या अर्थाने संमती. जुन्या शासनावरचा विश्वास काढून घेऊन जनतेने तो दुसऱ्या शासनाला दिला होता.

उजेडाबरोबर इथे सावलीही होती. दरोडेखोर, खबरे आणि स्त्रियांवर अत्याचार करणारे यांना तळपायावर फटके मारण्याची शिक्षा दिली जाई. लिखित कायदा, अपील आणि स्वतंत्र न्यायाधीश यांची व्यवस्था युद्धकाळात उभी राहू शकली नाही. पकडणारे, निवाडा करणारे आणि शिक्षा देणारे हात पुष्कळदा एकमेकांच्या फार जवळ होते. बेकारिया आणि माँतेस्क्यू यांनी ज्या धोक्याचा इशारा दिला होता तो हाच. गावसभेचा दबाव आणि नेत्यांची नैतिक शिस्त यांनी त्याला बांध घातला, पण शिस्त ही संस्थेची जागा कायमची घेऊ शकत नाही. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटे मागे घेतली गेली आणि प्रतिसरकारचा कारभार थांबला. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले.

पंचायत राज्य आणि वाईचा कोश

स्वातंत्र्यानंतर या परंपरेचे दोन धागे राज्याच्या संस्थांमध्ये आले. देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि १९४२ मध्ये साताऱ्यात भूमिगत राहिलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून गाव, तालुका, जिल्हा अशी निवडलेली तीनस्तरीय व्यवस्था सुरू झाली. औंधला जे राजाच्या इच्छेने मिळाले आणि प्रतिसरकारने जे बंड करून उभारले, त्याला आता कायद्याचा आधार मिळाला. न्यायदान मुख्यतः स्वतंत्र न्यायालयांकडे राहिल्याने आधीच्या दोन्ही प्रयोगांतली मोठी उणीव दूर झाली.

दुसरा धागा ज्ञानाचा. दिदेरो आणि दालांबेर यांनी १७५१ पासून फ्रेंच विश्वकोश काढला. १७७२ पर्यंत त्याचे २८ खंड झाले. सारे ज्ञान लोकभाषेत, वर्णक्रमाने आणि कोणत्याही धर्मपीठाच्या परवानगीविना उपलब्ध करून देणे ही ज्ञानोदयाची सर्वांत मोठी संस्थात्मक कामगिरी होती. मराठीत तसे काम वाईला झाले. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन केलेले आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या बुद्धिवादाकडे वळलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक झाले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. कृष्णेच्या घाटांवर मंदिरांनी गजबजलेल्या या गावात कोपर्निकस, डार्विन, रूसो आणि मार्क्स यांच्यावरच्या नोंदी मराठीत तयार झाल्या.

या भागातल्या कोणत्याही प्रयोगाने पूर्ण समता आणली असे म्हणता येत नाही. जमिनीचे वाटप विषम राहिले, पंचायतींत आणि सहकारी संस्थांत प्रबळ जातींचे वजन राहिले, दलितांना आणि स्त्रियांना निर्णयप्रक्रियेत जागा मिळवण्यासाठी पुढेही झगडावे लागले. तरी रंगो बापूजींच्या फिर्यादीपासून पंचायत राज्याच्या कायद्यापर्यंतच्या शंभराहून अधिक वर्षांत एक मोठा बदल घडला. राजाच्या वतीने मागितलेला न्याय रयत आपल्या नावाने मागायला शिकली, आणि ज्यांना मिलने स्वातंत्र्याला अपात्र ठरवले होते त्यांनीच ते स्वतःच्या गावात राबवून दाखवले.